लेनिन : कठीण झालेल्या धमन्या आणि अखेरचे टिपण

नवी दिल्ली, २१ जानेवारी : रशियन क्रांतीचे नेते व्लादिमिर इलिच लेनिन यांचे २१ जानेवारी १९२४ रोजी मॉस्कोजवळील गोर्की येथे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५३ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अतिशय अरुंद झालेल्या आढळल्या. कॅल्शियम साचून त्या इतक्या कठीण झाल्या होत्या, की चिमटा लागताच दगडावर आपटल्यासारखा आवाज येई. त्यांचे वडील इल्या यांचाही मृत्यू ५४व्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने झाला होता.

डोकेदुखी आणि निद्रानाश यांनी लेनिन १९२१ मध्येच त्रस्त होते. मे १९२२ मध्ये पहिला झटका आला. उजवे हात-पाय दुर्बल झाले, वाचा अडखळू लागली. डॉक्टरांनी १२ गुणिले ७ विचारले, तर उत्तर येईना; अखेर एकामागून एक १२ मिळवत त्यांनी ते काढले. याच सुमारास त्यांनी स्टालिन यांच्याकडे विष मागितले होते. झटका मात्र सौम्य ठरला आणि ऑक्टोबरमध्ये ते कामावर परतले.

डिसेंबरमध्ये पुन्हा झटके येऊन उजवी बाजू लुळी पडली. वृत्तपत्रे आणि भेटीगाठी बंद झाल्या. रोज पाच-दहा मिनिटे मजकूर सांगून लिहवून घेण्याची तेवढी मुभा राहिली. या पथ्यावरील देखरेख पक्षाने स्टालिन यांच्याकडेच सोपवली होती, हे विशेष. त्या मोजक्या मिनिटांत लेनिन यांनी सहकाऱ्यांविषयीचे टिपण सांगितले आणि ४ जानेवारी १९२३ रोजी त्यात भर घातली : स्टालिन उद्धट आहेत, त्यांना सरचिटणीसपदावरून हलवावे. पत्नी क्रुप्स्काया यांना स्टालिन यांनी दूरध्वनीवर दुरुत्तरे केल्याचे समजताच, मार्चमध्ये त्यांनी माफी मागा अन्यथा संबंध तोडतो, असे पत्र धाडले. काही दिवसांतच तिसऱ्या झटक्याने त्यांची वाचा गेली.

हा सारा आजारातला त्रागा होता काय? अशा विकारात रुग्ण चिडखोर होतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पण लेनिन यांची लेखणी प्रकृती ठणठणीत असतानाही मवाळ नव्हती. शिवाय ट्रॉट्स्की, बुखारिन आदींचे गुणदोष त्या टिपणात ज्या बारकाईने तोलले आहेत, ते पाहता त्याला निव्वळ त्रागा म्हणणे अवघड आहे.

क्रुप्स्काया यांनी मे १९२४ मध्ये ते टिपण पक्षाच्या स्वाधीन केले. अधिवेशनाच्या प्रतिनिधींना ते गटागटाने वाचून दाखवण्यात आले. स्टालिन पदावर कायम राहिले. सर्वसामान्य सोव्हिएत वाचकाच्या हाती ते पडले १९५६ मध्ये, स्टालिन यांच्याही मृत्यूनंतर तीन वर्षांनी.