प्राध्यापक पांडुरंग सदाशिव खानखोजे

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज उच्च शिक्षणार्थ परदेशी जातात. त्यांच्या घरच्या मंडळींनी वाचावे, म्हणून खानखोजे यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

वर्ध्याचा हा तरुण लोकमान्यांच्या राजकारणाने भारलेला होता. सशस्त्र क्रांतीची सिद्धता करण्यासाठी तो जपानमार्गे अमेरिकेस गेला. तेथे त्याने कॅलिफोर्नियातील लष्करी शाळेत युद्धविद्या आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्र अशा दोन विद्या संपादन केल्या. पुढे गदर पक्षाच्या उभारणीत भाग, पहिल्या महायुद्धात इराणातील लढाया, १९२१ साली मॉस्कोत लेनिनची भेट, हा इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. त्यांचे दुसरे आयुष्य मात्र आपण विसरलो, आणि आमच्या मते तेच अधिक फलदायी ठरले.

मायदेशाची दारे बंद होती. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोस पोहोचले. तेथे क्रांती होऊन जमीनदारांच्या जमिनी कुळांस मिळू लागल्या होत्या. परंतु जमीन हाती आली तरी शेतीचे ज्ञान आपोआप येत नाही. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे अध्यापक झाले. मका हे तेथील मुख्य अन्न. मक्याचा रानटी सोयरा जो टिओसिंटे, त्याच्याशी संकर करून काटक व अधिक कणसे देणारे वाण काढण्याचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे चालविले. शिवाय वर्गात येऊ न शकणाऱ्या कुळांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा उघडल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९२८ साली मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर चित्र काढले, त्यात गोरगरिबांस भाकरी वाटणारा यजमान रंगविला आहे. ते खानखोजे होत!

देश स्वतंत्र झाल्यावर मध्यप्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांस बोलाविले. १९४९ साली ते आले, तो काय? ब्रिटिशांच्या काळ्या यादीतून त्यांचे नाव अद्याप पुसलेले नव्हते, आणि ज्या देशासाठी घर सोडले त्याच देशाच्या दारात त्यांची अडवणूक झाली. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

१९५५ साली ते नागपुरास कायमचे राहावयास आले. त्यांची उमेद तशीच होती. परंतु वय उतरणीस लागले होते, आणि चापिंगोसारखी प्रयोगभूमी त्यांस येथे लाभली नाही. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरातच त्यांचे देहावसान झाले. २०२२ साली त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेही चापिंगोच्या विद्यापीठात.