विश्लेषण : राक्षसांच्या गराड्यातील शांत संत, साडेपाचशे वर्षांपूर्वीचे चित्र युरोपभर कसे पोहोचले?

मार्टिन शोंगाउअरने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या एका धार्मिक चित्राने मायकेलअँजेलोलाही भुरळ घातली. जेमतेम ३० सेंटीमीटर उंचीच्या या चित्रात एवढे काय आहे?

शोंगाउअर कोण होता?
त्याचा जन्म १४५० च्या सुमारास कोलमारचा. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. तेव्हा ते पवित्र रोमन साम्राज्यात होते. वडील सोनार असल्याने धातूवरील कोरीवकाम त्याने घरातच पाहिले. १४६५ मध्ये लाइपझिग विद्यापीठात त्याचे नाव नोंदले गेले. पण पुढे तो चित्रकलेकडे वळला. १४७३ मध्ये त्याने रंगवलेले, गुलाबांच्या वेलीखाली बसलेल्या मेरीचे चित्र आजही कोलमारमध्ये आहे.

चित्रात काय दिसते?
इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या संत अँथनींना राक्षसांनी छळले, ही ख्रिस्ती परंपरेतील कथा. १४७० ते १४७५ च्या दरम्यानच्या या चित्रात राक्षसांनी संतांना हवेत उचलले आहे. कोणी हात ओढतो, कोणी झगा, कोणी सोटा उगारतो. खवले, काटे, चोची, पंख असे खऱ्या प्राण्यांचे अवयव जोडून हे देह रचले आहेत, म्हणून ते खरे वाटतात. संतांचा चेहरा मात्र स्थिर आहे. मागे आकाश कोरे, खालच्या कोपऱ्यात थोडासा खडक. त्यामुळे नजर पुन्हा पुन्हा त्या चेहऱ्यावरच येते. श्रद्धेची कसोटी येथे एका शब्दाविना कळते.

ते कसे तयार झाले?
टोकदार कोरणीने पत्र्यावर रेषा खोदायच्या, त्यांत शाई भरून वरचा भाग पुसायचा आणि ओलसर कागद त्यावर दाबायचा. चित्र उलटे उमटते, म्हणून सहीसुद्धा उलटी कोरावी लागते. चुकलेली रेषा सहज पुसता येत नाही. रंग नसताना केवळ रेषांच्या दाटी-विरळीतून शोंगाउअरने खवल्यांची चकाकी आणि कापडाची घडी दाखवली.

पुढच्या पिढीवर काय परिणाम झाला?
चर्चच्या भिंतीवरील चित्र पाहायला तिथे जावे लागते. छापील कागद मात्र व्यापाऱ्यांच्या सामानातूनही फिरतो. फ्लॉरेन्समध्ये किशोरवयीन मायकेलअँजेलोने हेच चित्र रंगांत उतरवले. खवले नीट जमावेत म्हणून तो मासळीबाजारात गेला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ते चित्र मानले जाणारे फलक आज अमेरिकेत टेक्सासच्या किंबेल कलासंग्रहालयात आहे.

तरुण आल्ब्रेख्त ड्यूरर १४९२ मध्ये शोंगाउअरला भेटायला कोलमारला पोहोचला. पण उशीर झाला होता. १४९१ मध्येच ब्रायझाख येथे शोंगाउअरचे निधन झाले होते. ड्यूररची भेट झाली ती त्याच्या भावांशी.

आज काय उरले?
ब्रायझाखच्या चर्चमधील त्याची भव्य भित्तिचित्रे आता पुसट झाली आहेत. रंगचित्रेही मोजकीच उरली. टिकली ती सुमारे ११५ कोरीव चित्रे, कारण प्रत्येकाच्या अनेक प्रती निघाल्या होत्या. हे चित्र मोबाइलवर मोठे करून पाहिले, तर तळाशी त्याची ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे दिसतात.