आधी जंतू ओळखा, मग औषध!

अलेक्झांडर फ्लेमिंग म्हटले की पेनिसिलिन आठवते आणि पेनिसिलिन म्हटले की बुरशी आलेली काचेची बशी. पण त्या बशीच्या तेरा वर्षे आधी फ्लेमिंग यांचे लक्ष वेधले होते ते चिघळलेल्या जखमांनी. जखमेत नेमका कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय उपचार म्हणजे अंधारात मारलेला दगड, हा धडा त्यांना युद्धभूमीवरच्या रुग्णालयात मिळाला.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर भागातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे किशोरवयातच ते भावंडांकडे लंडनला आले आणि एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी करू लागले. काकांच्या वारशातून थोडी रक्कम हाती आली, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९०६ मध्ये डॉक्टर झाल्यावर ते तिथेच विषमज्वराच्या लशीसाठी प्रसिद्ध असलेल्या सर आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्समधील बुलोन येथे एका कॅसिनोच्या इमारतीत लष्करी रुग्णालय उभारले होते. राइट यांच्या चमूने तिथेच प्रयोगशाळा थाटली. खंदकांतून येणारे सैनिक गोळीच्या घावातून वाचत, पण गॅस गँगरीन, धनुर्वात आणि रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने दगावत. फ्लेमिंग यांनी जखमांतला पू आणि सैनिकांच्या गणवेशाचे तुकडे तपासायला सुरुवात केली. शेणखताच्या मातीतले जंतू कपड्यांवर होते आणि गोळीबरोबर कापडाचे धागे जखमेत खोलवर जात होते. जखम ताजी असताना एक प्रकारचे जंतू जोरात असत, तर काही दिवसांनी दुसरेच. म्हणजे जखम एकच असली तरी आतला शत्रू बदलत होता.

त्या काळी जखमेत कार्बोलिक आम्लासारखी जहाल जंतुनाशके ओतण्याचा प्रघात होता. फ्लेमिंग यांनी काचेची नळी तापवून तिला आतून पोकळ अशी टोके काढली, खऱ्या जखमेतल्या खाचाखोचांसारखी. त्यात जंतूमिश्रित द्रव भरला, तो ओतून टाकला, मग जंतुनाशक भरले, तेही काढले आणि पुन्हा स्वच्छ द्रव भरला. तरीही जंतू वाढले! टोकांमध्ये दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोहोचतच नव्हते. उलट, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र त्याने मरत होत्या. मृत मांस काढून टाकावे आणि जखम मिठाच्या पाण्याने धुवावी, असा आग्रह राइट आणि फ्लेमिंग यांनी धरला. बहुतेक शल्यविशारदांनी तो मानला नाही.

शरीराच्या पेशींना धक्का न लावता जंतूंना मारणारा पदार्थ हवा, हा विचार फ्लेमिंग यांच्या मनातून गेला नाही. सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना एका बशीत बुरशी उगवलेली दिसली. तिच्याभोवतीचे स्टॅफिलोकोकस जंतू विरघळले होते. पुढे त्यांनी जे केले त्याची चर्चा फारशी होत नाही. बशीतल्या घट्ट अगारमध्ये त्यांनी एक चर कापला, त्यात बुरशीचा रस मिसळलेले अगार भरले आणि चराला काटकोनात वेगवेगळ्या जंतूंच्या रेषा ओढल्या. काही जंतू चरापासून दूरच थांबले, काही थेट चरापर्यंत वाढले. स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस आणि घटसर्पाचे जंतू हरले. विषमज्वराच्या आणि हिरवट पू करणाऱ्या जंतूंना मात्र काही झाले नाही. कोणते औषध कोणत्या जंतूवर चालते, हे एका नजरेत दाखवणारी ही साधी पद्धत म्हणजे आजच्या सेन्सिटिव्हिटी चाचणीची पूर्वज म्हणता येईल.

पेनिसिलिन शुद्ध करून औषध म्हणून वापरण्याजोगे केले ते ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. १९४२ मध्ये फ्लेमिंग यांच्या भावाच्या ओळखीचा एक रुग्ण मेंदूज्वराने मरणपंथाला लागला होता. सल्फा औषधांचा उपयोग होत नव्हता. फ्लेमिंग यांनी त्याच्या मणक्यातले पाणी तपासले, त्यात स्ट्रेप्टोकोकस सापडला. आपल्याजवळच्या कच्च्या पेनिसिलिनने तो जंतू मरतो, याची त्यांनी आधी खात्री केली आणि मगच फ्लोरी यांच्याकडून शुद्ध औषध मागवले. रुग्ण बरा झाला.

१९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्यासोबत फ्लेमिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणातच त्यांनी इशारा दिला, की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतले तर जंतू मरणार नाहीत, ते औषधाला सरावतील. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. औषध हाताशी आले, तसा तो इशाराही दारात आला.

आज चिघळलेल्या जखमेसाठी डॉक्टर पू 'कल्चर'ला पाठवायला सांगतात, तेव्हा हेच सूत्र पाळले जाते. जखम आधी सलाइनने धुवून, वरवरचा पू न घेता खोलवरचा नमुना घ्यायचा आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घ्यायचा. औषध आधीच पोटात गेले असेल तर जंतू वाढतच नाहीत आणि अहवाल फसवा येऊ शकतो. प्रयोगशाळेत जंतू वाढवून त्यांवर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात आणि चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मोजतात. याला साधारण दोन-तीन दिवस लागतात. संसर्ग गंभीर असेल तर डॉक्टर तोवर अंदाजाने औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे बदलतात. नुसती जखम असली, संसर्गाची लक्षणे नसली, तर ही तपासणी लागत नाही, कारण त्वचेवर जंतू एरवीही असतातच.

शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी दुकानातून आणून स्वतःच्या जखमेवर घेणे म्हणजे फ्लेमिंग यांच्या चरातला जंतू न पाहताच औषध निवडणे. ती चूक टाळण्याचा मार्ग त्यांनी १९२९ मध्येच छापून ठेवला आहे.