रुग्णांची बोली जाणणारा डॉक्टर

मनोरोग हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा प्रांत नव्हे. तरीपण युजेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांचे चरित्र मला आपणांपुढे ठेवावेसे वाटते.

त्यांचा जन्म १८५७ साली झुरिकजवळच्या झोलिकोन गावी शेतकरी कुटुंबात झाला. थोरली बहीण मनोरुग्ण होती. झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयाचे प्रमुख त्या काळी जर्मन असत. त्यांना आपली बोली कळत नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणाऱ्या आपणां सीमाभागातील लोकांना या तक्रारीचे मर्म सांगायला नको. तो गावचा मुलगाच पुढे डॉक्टर झाला.

१८८६ साली ते ऱ्हाईन नदीतील बेटावर, जुन्या मठात असलेल्या ऱ्हाईनाउ रुग्णालयाचे प्रमुख झाले. बारा वर्षे ते तेथे रुग्णांमध्येच राहिले, त्यांचे बोलणे टिपत राहिले. १८९८ मध्ये बुर्गहोल्झलीची सूत्रे त्यांच्याकडे आली. बहिणीलाही त्यांनी आपल्या घरी सांभाळले.

या रोगाला तोवर अकाली येणारा बुद्धिभ्रंश म्हणत. हा रोग तरुणपणीच होतो असे नाही आणि बुद्धी नेहमीच नष्ट होते असेही नाही, हे ब्लॉयलरांनी पाहिले होते. १९०८ साली बर्लिनमध्ये त्यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव सुचविले. आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. एका देहात दोन माणसे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही; विचार, भावना आणि वर्तन यांची सांधेजोड सुटते, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

१९११ च्या त्यांच्या ग्रंथातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. चेहरा कोरा असला म्हणजे भावना मेली असे नव्हे, असे त्यांनी मांडले. भिंतीकडे तोंड करून बसलेला रुग्णही भोवतालचे टिपत असतो आणि कधी कधी ते नंतर सांगतो. आपल्या गल्लीत मात्र अशा माणसाच्या तोंडावरच त्याच्याविषयी वाटेल ते बोलतात!

स्मृती शाबूत राहते हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. पुष्कळ रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते, हे आता सिद्ध झाले आहे. चेहऱ्यावर न दिसणारी भावना आत असते, याला मात्र नंतरच्या प्रयोगांनी दुजोरा दिला. मनोरुग्णांच्या निर्बीजीकरणाला त्यांनी दिलेला पाठिंबा मला पटत नाही. ज्यांचे मन जाणले त्यांच्याच बाबतीत असे व्हावे, याचे नवल वाटते.

१९३९ मध्ये ते वारले. त्यांचे पुत्र मान्फ्रेड यांनी त्याच रुग्णालयातील २०८ रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. त्यांतले कित्येक सुधारले होते.