धुरात शिरलेला माणूस

आग माणसाला जाळते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण आगीत सापडलेली कितीतरी माणसे ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून जातात. रस्त्यावरून घंटा वाजवत बंब गेला की म्हणूनच मला गॅरेट मॉर्गन आठवतो.

४ मार्च १८७७ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. शाळा जेमतेम सहावीपर्यंत. चौदाव्या वर्षी त्याने पोटासाठी घर सोडले. १८९५ मध्ये क्लीव्हलँडला आला आणि शिवणयंत्रे दुरुस्त करू लागला.

१९१४ मध्ये त्याला एका टोपड्याचे पेटंट मिळाले. डोके पूर्ण झाकणारे, डोळ्यांपुढे काच असलेले, आणि त्यातून जमिनीपर्यंत लोंबणारी नळी. युक्ती साधीच होती. तापलेला धूर वर चढतो, जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात स्वच्छ राहते. नळीतला ओला स्पंज ती हवा गाळून थंड करी.

पण काळ्या माणसाची वस्तू घेणार कोण? मॉर्गनने एका गोऱ्या नटाला संशोधक म्हणून उभे केले आणि स्वतः रेड इंडियन नोकराचा वेश घेऊन धुराने भरलेल्या तंबूत शिरू लागला. स्वतःच्याच शोधाचा तो नोकर झाला! हे वाचताना मला त्याच्या हुशारीचे कौतुक वाटते आणि जगाची लाजही वाटते.

२४ जुलै १९१६ रोजी ईरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला. वाचवायला गेलेलेही विषारी वायूने पडले. मध्यरात्री बोलावणे येताच मॉर्गन भाऊ फ्रँकसह टोपडी घेऊन धावला, खाली उतरला. दोघांना जिवंत वर आणले, काहींचे मृतदेह काढले. मानसन्मान वाटताना मात्र त्याला डावलले गेले. त्याचा वर्ण कळल्यावर काही मागण्याही रद्द झाल्या. शेवटी शहरातील काही नागरिकांनीच त्याला सुवर्णपदक दिले.

तो खचला नाही. १९२३ मध्ये त्याने वाहतूक सिग्नलचे पेटंट घेतले. २७ जुलै १९६३ रोजी तो वारला.

त्याच्या टोपड्याला मर्यादा होती. जिथे प्राणवायूच नाही, तिथे ते निरुपयोगी. आज अग्निशामक जवान पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन आत जातात. पण मॉर्गनने ओळखलेले सत्य घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, ध्यानात ठेवावे असे मला वाटते: धुरात उभे राहू नका, खाली वाका, रांगत बाहेर पडा. श्वास जमिनीजवळ असतो.