बरण्या जपणारा डॉक्टर

बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये १८४५ साली पन्नाशीची एक स्वयंपाकीण दाखल झाली. सतत थकवा, पायांवर सूज, नाकातून रक्त. काही महिन्यांतच ती गेली. तिचं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने पंचविशीही गाठली नव्हती. म्हणजे तुमच्या-आमच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा! नाव रुडॉल्फ फिरखो.

तिची पाणथरी भलतीच वाढलेली होती. रक्तात पांढऱ्या पेशींचा नुसता पूर आला होता. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी त्याच वर्षी, थोडं आधी, असाच एक रुग्ण नोंदवला होता. पण त्यांना वाटलं, रक्तात पू झालाय. फिरखोला ते पटेना. पू व्हायला कुठेतरी जखम, संसर्ग हवा ना? इथे तर तसं काहीच सापडत नव्हतं. म्हणजे बिघाड रक्तातच आहे, असं त्याने मांडलं. १८४७ मध्ये त्याने या आजाराला नावही दिलं. आज आपण त्याला ल्युकेमिया म्हणतो.

फिरखोचा जन्म १८२१ चा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे लष्करी वैद्यकीय संस्थेत मोफत शिकला. १८४८ मध्ये सरकारने त्याला टायफसची साथ पाहायला अप्पर सायलेशियात पाठवलं. परत येऊन त्याने औषधांची यादी दिली नाही. गरिबी आणि अज्ञानच या साथीचं मूळ आहे, असा रिपोर्ट दिला. त्याच वर्षीच्या क्रांतीत तो रस्त्यावरही उतरला. सरकारची खप्पामर्जी झाली आणि त्याला बर्लिन सोडावं लागलं. १८५६ मध्ये तो परतला, आणि १८५८ मध्ये त्याचं पेशींच्या विकारांवरचं गाजलेलं पुस्तक आलं. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हा विचार त्याने वैद्यकशास्त्रात रुजवला. पुढे त्याने राजकारणात बिस्मार्कशी पंगा घेतला आणि बर्लिनमध्ये भुयारी गटारं व्हावीत म्हणून किल्लाही लढवला.

तो चुकलाही. जंतूंमुळे रोग होतात, हे मान्य करायला तो फार काळ तयार नव्हता. पण त्याची एक सवय कामाची होती. अभ्यासलेला अवयव तो टाकून देत नसे. बरणीत जपायचा. १८९९ मध्ये या बरण्यांचं म्युझियम उघडलं. नमुने २० हजारांहून जास्त. एकच आजार वेगवेगळ्या टप्प्यांवर कसा दिसतो, हे शेजारी-शेजारी ठेवून बघता यायचं. १९०२ मध्ये, ट्रॅममधून उतरताना मोडलेल्या मांडीच्या दुखण्यानंतर, फिरखो गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत बहुतेक बरण्या नष्ट झाल्या.

आजची टिश्यू बँक याच सवयीची पुढची पायरी आहे. ब्लड कॅन्सरच्या रुग्णाचं थोडं रक्त, थोडी अस्थिमज्जा घ्यायची आणि द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास गोठवायची. सोबत नोंद : आजार कोणता, उपचार काय, पुढे काय झालं. उपचाराआधीचा आणि आजार उलटल्यानंतरचा नमुना शेजारी ठेवला, की कोणत्या पेशी औषधाला पुरून उरल्या ते कळतं. उद्या नवी टेस्ट निघाली, तर आजच्या नमुन्याला उद्याचा प्रश्न विचारता येतो. आपल्या मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही अशी ट्यूमर टिश्यू बँक आहे.

एक मोठा फरक मात्र आहे. फिरखोच्या काळात रुग्णाला विचारायची पद्धतच नव्हती. आज संशोधनासाठी नमुना ठेवायचा तर रुग्णाची संमती लागते, आणि नाही म्हटलं म्हणून त्याचे उपचार थांबत नाहीत. तेव्हा घरातल्या कुणासमोर असा फॉर्म आला, तर डोळे झाकून सही नको आणि घाबरून नकारही नको. आधी वाचा, शंका विचारा, मग ठरवा. त्या स्वयंपाकिणीला ही संधी मिळाली नव्हती.