केडगावचा सुईदोरा : पंडिता रमाबाई

बुलढाणा जिल्हा हा कापसाचा जिल्हा. एकोणिसाव्या शतकात खामगावच्या कापूस बाजाराची कीर्ती एवढी होती की, प्रामुख्याने कापसाच्या गाठींसाठी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकण्यात आला आणि सन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. गाठी मुंबईला गेल्या, तेथून सातासमुद्रापार गेल्या. कापसाचे सूत, सुताचे कापड आणि कापडाची वस्तू होईपर्यंत त्याचे मोल वाढत गेले. परंतु ते वाढलेले मोल पिकविणाऱ्याच्या घरी क्वचितच परतले.

आज याच जिल्ह्यात बचत गटांतील भगिनी कापडी पिशव्या, बटवे आणि भेट देण्याजोग्या लहानसहान वस्तू शिवतात. बंजारा तांड्यांवरील आरसे व कवड्यांच्या भरतकामाची परंपरा तर फार जुनी. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हापासून कापडी पिशवीला नव्याने मागणी आली. तरीही या कामाकडे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा उघडावेसे आम्हांला वाटते. बायबलच्या मराठी भाषांतरामुळे त्यांचे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे. त्या कॅथलिक नव्हत्या, हेही ठाऊक असेल. त्यांच्या आश्रमातील सुईदोऱ्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुराणे सांगत, तीर्थाटन करत हे कुटुंब देशभर फिरले. विद्या होती, प्रतिष्ठा होती; पण पोटाला आधार देणारा कोणताही हुन्नर घरात नव्हता. दुष्काळ पडला, पुराण ऐकणारे पांगले आणि सन १८७४ मध्ये आईवडील उपासमारीने खचून वारले. पुढे बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी चालत सन १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. हजारो श्लोक मुखोद्गत असूनही मनुष्य उपाशी मरू शकते, हा धडा त्यांना लहान वयातच मिळाला होता. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ आम्हांला येथे दिसते.

बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत, सन १८८२ मध्ये, त्या विधवा झाल्या. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या सन १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहत असताना त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. वेदीवरील वस्त्रे आणि उपासनेचे झगे यांवरील भरतकामासाठी या भगिनींची ख्याती होती. त्यांनीच रमाबाईंना लंडनमधील फुलहॅम येथे पाठविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळत असे व त्या पुन्हा उभ्या राहत. ते दृश्य रमाबाई कधी विसरल्या नाहीत.

सन १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. या पद्धतीत हाताच्या कामाला मोठे स्थान आहे. कागदाला टोचे पाडून त्यातून दोरा ओवणे, पट्ट्या विणणे, असे उद्योग मुलांना दिले जातात. फ्रोबेलने आपल्या खेळसाहित्याला भेटी असे नाव दिले होते, ही गोष्ट आम्हांला मोठी गोड वाटते. हात आणि बुद्धी एकत्र वाढतात, हे तत्त्व रमाबाईंनी तेथून आणले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे महर्षी कर्वे यांच्याशी विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या काळी उच्चवर्णीय विधवेची स्थिती अशी की, केशवपन करून दिराच्या किंवा भावाच्या घरी राबावे आणि मिळेल ते खावे. तिच्या हाती स्वतःचा असा पैसा कधी येत नसे. तिला अक्षरे येऊन भागणार नव्हते, चार पैसे मिळविताही यायला हवे होते. सदन पुण्यास हलल्यावर सन १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून मोठे वादळ उठले. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

सन १८९६–९७ च्या दुष्काळात त्या वऱ्हाडाशेजारच्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग आलेला, त्यामुळे मुलींना शहरात ठेवता येईना. दौंड तालुक्यातील केडगावला त्यांनी १०० एकर जमीन घेतलेली होती. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. दोन वर्षांनी छप्पनचा दुष्काळ आला. सन १८९९–१९०० च्या त्या वर्षांत आपला बुलढाणा जिल्हाही होरपळून निघाला. सन १९०० च्या सुमारास केडगावी सुमारे १,९०० जीव होते.

एवढ्या माणसांना वस्त्र कोठून आणायचे? प्रत्येकीला वर्षाला दोनच लुगडी व दोनच चोळ्या धरल्या, तरी ३,८०० लुगडी आणि तितक्याच चोळ्या होतात. हा हिशेब आमचा, अंदाजाचा. पण त्यावरून कामाचा आवाका कळतो. आश्रमात हातमाग आले, शिवणकाम व भरतकाम आले. ज्या मुली अंगावर धड चिंधी नसताना आल्या, त्यांच्याच हातांनी इतरांची अंगे झाकली जाऊ लागली. शिवणाचा एक गुण असा की, ते काम पुरे झालेले डोळ्यांना दिसते. धावदोरा सरळ आला, काठ दुमडला, साखळी टाका बसला, की दुपारपर्यंत जी चिंधी होती तिची संध्याकाळी पिशवी होते. उपासमारीने आणि घरच्यांच्या मृत्यूने गोठलेल्या मुलीला असे एखादे काम पुरे करता येणे, हे औषधासारखेच असले पाहिजे.

केडगावी केवळ सुईच होती असे मात्र नाही. गुरे, शेती, तेलघाणा, छापखाना, अशा अनेक कामांत मुली होत्या. अंध मुलींना मनोरमेने ब्रेल लिपी शिकविली. त्या टोपल्या विणत, वेताचे काम करत. परित्यक्त स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. शिवणकाम शिकविले म्हणजे स्त्रीचे कल्याण झाले, असे मानून थांबणाऱ्या संस्था तेव्हा होत्या, आजही आहेत. रमाबाईंनी सुईला पहिली पायरी मानले, शेवटची नव्हे. आमच्या मते त्यांचे वेगळेपण यातच आहे.

सणासमारंभांच्या विक्रीत आम्ही पाहतो की, गिऱ्हाईक हाताने भरलेल्या बटव्याचा भाव निम्म्यावर आणू पाहते आणि बहीण संकोचाने तो देऊनही टाकते. कापड, अस्तर, दोरा यांचा खर्च तिने मोजलेला असतो. स्वतःचे तास मोजलेले नसतात. दुकानातील छापील किमतीवर तोच गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. ज्या गटांनी तासांचा हिशेब वहीत लिहायला सुरुवात केली आहे, तेथे भाव ठामपणे सांगितला जातो.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम चालू होते. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनीच केले. सन १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. छापखाना थांबला नाही. संपूर्ण बायबल सन १९२४ मध्ये केडगावहून बाहेर पडले.